चावी बंद केली तरी गाडी चालूच राहते म्हणून टायमिंग लाईट घेतली, सहा महिने वापरून सांगते

टायमिंग लाईट म्हणजे प्लगचा स्पार्क नेमका कधी पडतो ते दाखवणारी लाईट. आधी गाडीबद्दल थोडं सांगते, त्याशिवाय हा रिव्ह्यू कुणाच्या कामाचा नाही. चार सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन, वर हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (हे उघडले की स्पार्क पडतो) आणि कंडेन्सर. सेन्सर नाहीत, कॉम्प्युटर नाही, स्कॅनर लावायला जागाच नाही. गाडी चालते छान, पिकअप जरा मेल्यासारखा वाटायचा पण वय झालंय इंजिनाचं म्हणून ते मी सोडून दिलं होतं. खरा त्रास एकच, लांबून आलं की चावी बंद करायची आणि इंजिन काही बंद होत नाही. चावी माझ्या हातात आणि बोनेटखाली धड धड खड धड चालूच, अख्खी गाडी हलते, गिअरचा दांडा थरथरतो, कधी पाच सेकंद कधी दहा, आणि मग एक मोठा हिसका देऊन थांबतं आणि मागे कच्च्या पेट्रोलचा वास. एकदा तर थांबता थांबता उलटं फिरलं, एअर फिल्टरच्या तोंडातून धूर बाहेर आला, तेव्हा मात्र मी घाबरले. कारण इंजिन उलटं फिरलं की ऑइल पंपही उलटा फिरतो, म्हणजे तेवढा वेळ बेअरिंगला ऑइलचं प्रेशर नाही, आणि टायमिंग चेन, माउंटिंग सगळ्याला ते धक्के बसतात. थोडा वेळच होतंय ना, चालतंय, असं म्हणून सोडायची ही गोष्ट नाही.

हे होतं कसं ते समजलं तरच ही वस्तू का घेतली ते कळेल. चावी बंद केली की प्लगला स्पार्क मिळणं बंद होतं, बरोबर, पण कार्ब्युरेटरला चावीचा पत्ताच नसतो, पिस्टन ओढतोय तोपर्यंत तो पेट्रोल देत राहतो. आणि आत काहीतरी लालबुंद तापलेलं असेल, कार्बनचा थर म्हणा, प्लगचं टोक म्हणा, नाहीतर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड, तर ते मिश्रण स्पार्कशिवायच पेटतं. याला डिझेलिंग म्हणतात कारण स्पार्क नसताना चालतं, पण खऱ्या डिझेल इंजिनात हवा १५ ते २० पट दाबून ती स्वतः तापते आणि डिझेल पेटतं, आपल्या जुन्या पेट्रोल इंजिनात दाब ८-९ पटच, त्यामुळे इथे खरं काम करतो तो तापलेला ठिपका. म्हणजे दोन गोष्टी लागतात, पेटवणारं काहीतरी आणि आत येणारं पेट्रोल. यातलं एक तोडलं की इंजिन थांबतं.

गॅरेजमध्ये नेली तेव्हा ज्या क्रमाने कामं झाली तो क्रमच चुकला असं मला आता वाटतं. आधी प्लग बदलले. मग आत औषध मारून कार्बन काढला, दोन-चार दिवस बरं वाटलं, परत सुरू. मग मिस्त्री म्हणाले, "ताई, सोलेनॉइड बसवून टाकू, चावी काढली की पेट्रोलच बंद, विषय संपला." माणूस चांगला आहे, हात चांगला आहे, पण मला प्रश्न पडला की ही गाडी कंपनीतून सोलेनॉइडशिवाय आली आणि इतकी वर्षं चावी काढली की बंद पडत होती, मग आताच काय झालं? त्याचं उत्तर कुणी शोधलंच नव्हतं, टायमिंग, म्हणजे पिस्टन वर येताना स्पार्क नेमका कधी पडतो ते, कानाने लावलं होतं, आयडलिंग (पाय न देता इंजिन चालतं तो वेग) कमी पडलं की स्क्रू आत पिळला होता. म्हणून ही टायमिंग लाईट घेतली.

वस्तू कशी आहे सांगते. पिस्तुलासारखा आकार, पुढे भिंग, आत झेनॉनची ट्यूब, मागे अंशांची फिरवायची डायल, खाली ट्रिगर. तीन वायरी निघतात, लाल आणि काळी बॅटरीला, तिसरीला जाड चिमटा, तो एक नंबरच्या प्लगच्या वायरवर नुसता वरून बसवायचा, काही सोलायचं कापायचं नाही. चिमट्यावर बाण आहे, तो प्लगकडे तोंड करून हवा, उलटा बसला तर काही वेळा लाईट मध्येच चुकते. एक नंबरचा स्पार्क पडला की लाईट एकदा चमकते, त्यामुळे फिरणाऱ्या पुलीवरची खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते आणि स्पार्क नक्की किती अंशावर पडतोय ते वाचता येतं.

आता मला सगळ्यात आवडलेला उपयोग, जो सोबतच्या कागदात लिहिलेलाच नाही. गाडी अर्धा तास पळवून चांगली तापवली, चिमटा लावला, ट्रिगर दाबून धरला, आत नवऱ्याला बसवलं आणि म्हटलं चावी बंद कर. इंजिन धडधडत राहिलं आणि मी फक्त लाईटकडे बघत होते. लाईट काळी. एकदाही चमकली नाही. म्हणजे स्पार्क खरंच बंद झालाय आणि आत गरम ठिपक्यावरच पेटतंय, दहा सेकंदात उत्तर मिळालं. हे जमतं कारण लाईटला वीज थेट बॅटरीतून मिळते, चावीशी तिचा संबंध नाही. उलट लाईट चमकत राहिली असती तर अर्थ पूर्ण वेगळा, मग कॉइलला (जिच्यातून स्पार्कची वीज येते) कुठूनतरी करंट मिळतोय, एकतर इग्निशन स्विचचे आतले पॉइंट चिकटलेत किंवा अल्टरनेटरचा करंट चार्जिंगच्या दिव्याच्या वायरीतून उलटा येऊन कॉइलला पोचतोय. जुन्या गाडीला नंतर दुसरा अल्टरनेटर बसवला असेल तर हे हमखास बघावं, त्यावर त्या दिव्याच्या वायरीत योग्य दिशेने एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकतात. आवाजावरूनही थोडा अंदाज येतो, स्पार्कवर चालणारं इंजिन चावी काढल्यावरही गुळगुळीत, नेहमीसारखं आयडलिंग करत राहतं, आणि गरम ठिपक्यावरचं ठोके मारत, अडखळत, हिसके देत. पण कानावर सोडू नका, लाईट लावून बघा, कारण वायरिंगचा दोष असेल तर तुम्ही कितीही कार्बन काढला आणि कितीही प्लग बदलले तरी शष्प फरक पडणार नाही.

मग मूळ कामाकडे वळले, टायमिंग. पुलीवर इतका चिकट मळ होता की खूण दिसेना, ब्रशने घासली, खाचेत पांढऱ्या रंगाचा एक ठिपका भरला, शून्याच्या रेघेवरही भरला. व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरवरून काढून तिचं तोंड बंद केलं, नाहीतर व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे इंजिनाच्या ओढीने टायमिंग आपोआप पुढे नेणारी सोय, मध्ये येऊ शकतो. आयडलिंग पुस्तकात दिलंय तेवढं खाली आणलं, कारण रेस जास्त असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं उघडतात आणि टायमिंग आहे त्यापेक्षा पुढे दिसतं, आपण खूश होतो आणि निदान चुकतं. माझ्या गाडीच्या पुस्तकात ८०० आरपीएमला टॉपच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, तीच शून्याची रेघ) ८ अंश आधी असं आहे. ट्रिगर दाबला आणि पांढरा ठिपका शून्याच्या पलीकडे दिसला, साधारण २ अंश उशिरा. म्हणजे एकूण १० अंश मागे. पिकअप मेला होता तो वयामुळे नाही, यामुळे.

कारण डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढल्यावर सापडलं. पॉइंटची जी फायबरची टाच कॅमवर घासते ती झिजली होती, टाच झिजली की पॉइंट कमी उघडतात, गॅप कमी होतो आणि स्पार्क उशिरा पडायला लागतो. पुस्तकात गॅप ०.४० मिमी, माझा ०.२५ चा फिलर (फट मोजायची पट्टी) पण ओढूनताणून जात होता. नवीन पॉइंट बसवून गॅप ०.४० केला, परत लाईट मारली, ठिपका टॉपच्या ३ अंश आधी आला. उरलेले ५ अंश डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून फिरवून लावले, रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला बॉडी फिरवली की टायमिंग पुढे जातं. ठिपका ८ वर आणून बोल्ट आवळला, आवळल्यावर परत लाईट मारून बघितलं कारण आवळताना हमखास एखादा अंश सरकतो.

आणि इथे जे झालं ते बघून मला सगळा उलगडा झाला. टायमिंग ८ वर आलं तसं आयडलिंग आपोआप वर चढलं, जवळजवळ १२०० ला गेलं. ते ८०० वर आणायला मला आयडलिंगचा स्क्रू दीड आटा बाहेर काढावा लागला. दीड आटा! म्हणजे गेली कित्येक महिने टायमिंग मागे पडत होतं, त्यामुळे आयडलिंग पडत होतं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी स्क्रू थोडा आत पिळून बटरफ्लाय (कार्ब्युरेटरमधली हवेची झडप) थोडी जास्त उघडी करून ठेवत होतं. चावी काढल्यावर त्याच उघड्या फटीतून हवा आणि पेट्रोल आत जात होतं. आणि स्पार्क उशिरा पडतो तेव्हा जळण पण उशिरापर्यंत चालतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो. पेटवणारं पण तयार आणि पेट्रोल पण तयार, दोन्ही एकाच झिजलेल्या टाचेमुळे.

त्याच दिवशी परत अर्धा तास पळवली, चावी बंद केली, इंजिन एकदा फिरलं आणि गप्प. मी चावी हातात धरून तशीच बसून राहिले, इतकं बरं वाटलं.

पूर्ण बरं झालं असं नाही पण. पुढच्या आठवड्यात मोठा चढ चढून आल्यावर परत दोन-तीन हिसके दिले. तेव्हा प्लग काढून नंबर वाचला, पुस्तकात एनजीकेचा ६ लिहिलाय आणि बसवलेले होते ५. एनजीकेमध्ये नंबर मोठा तर प्लग थंड, नंबर छोटा तर गरम, आणि बॉशमध्ये याच्या बरोबर उलट, त्यामुळे एका कंपनीचा नंबर बघून दुसऱ्या कंपनीचा प्लग मागितला की घोळ होतो. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं, खाली गेलं तर काजळी धरते आणि फार वर गेलं तर प्लगच निखाऱ्याचं काम करतो. ६ नंबर बसवले, मिक्श्चर जरा कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी) वाटत होतं ते नीट केलं, कार्ब्युरेटरच्या खालच्या गॅसकेटमधून हवा ओढत होती ती बदलली. यात लाईटचा काही हात नाही हे पण प्रामाणिकपणे सांगते. हवा कुठून तरी ओढतेय का हे टायमिंग लाईट नाही सांगत, त्याला व्हॅक्यूम गेज लागतो, चांगलं इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २२ इंच दाखवतं आणि काटा स्थिर असतो. मात्र टायमिंग मागे असलं तरी काटा खालीच राहतो, म्हणून आधी लाईट, मग गेज, असा क्रम मला पटला.

सोलेनॉइडबद्दल माझं मत वाईट आहे असं समजू नका. १९७० च्या आसपास धुराचे नियम कडक झाले तेव्हा बऱ्याच गाड्या कंपनीतूनच आयडलिंगला मागे ठेवलेलं टायमिंग, कोरडं मिक्श्चर आणि जास्त आयडलिंग घेऊन यायला लागल्या, मग चावी काढल्यावर चालत राहण्याचा त्रास वाढला आणि म्हणून कंपन्यांनीच सोलेनॉइड दिले, काहींत चावी काढली की बटरफ्लाय पूर्ण मिटते, काहींत आयडलिंगचं पेट्रोल देणारा आयडल जेटच बंद होतो. एसयू कार्ब्युरेटरच्या काही ब्रिटिश गाड्यांत तर वेगळाच व्हॉल्व्ह आहे, चावी काढली की फ्लोटच्या वाटीवर (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती) इंजिनाचाच व्हॅक्यूम लागतो आणि पेट्रोल वर चढतच नाही. तुमच्या गाडीत असं काही मुळातच असेल तर पहिल्यांदा तेच तपासा. सोलेनॉइडच्या जागेवर बोट ठेवून इंजिन बंद असताना चावी ऑन करा, टिक असा धक्का बोटाला लागला पाहिजे, नाही लागला तर आधी वायर बघा, मग सोलेनॉइड. माझं म्हणणं एवढंच की ज्या गाडीत तो नव्हता तिथे तो बसवला असता तर धडधड थांबली असती आणि १० अंश मागे पडलेलं टायमिंग तसंच आत राहिलं असतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजत राहिला असता आणि मला कळलंही नसतं.

आता लाईटमधले दोष, हे वाचल्याशिवाय घेऊ नका. वायरी आखूड आहेत, माझी बॅटरी एका बाजूला आणि पुली दुसऱ्या बाजूला, त्यामुळे वायरी ताणून फॅन बेल्टच्या जवळून न्याव्या लागतात, मला हे अजिबात आवडलेलं नाही, मी त्या हुकने वर बांधते. पुढचं टोक प्लॅस्टिकचं आहे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकलं तर वितळणार. भर उन्हात खूण दिसत नाही, संध्याकाळी किंवा सावलीत काम करा. प्लगच्या वायरी एकमेकींना चिकटून असतील तर चिमटा शेजारच्या वायरीचा स्पार्क पण पकडतो आणि खूण दोन ठिकाणी नाचते, एक नंबरची वायर जरा वेगळी काढून धरा. आणि डायल, ती माझ्याकडची २ अंश चुकीची आहे, डायल शून्यावर ठेवून पुलीवरच्या रेघांवर वाचलं आणि मग डायलवर वाचलं तेव्हा फरक दिसला, तेव्हापासून मी डायल शून्यावरच ठेवते. ज्यांच्या पुलीजवळ एकच खूण आहे, अंशांच्या रेघा नाहीत, त्यांना डायलवरच अवलंबून राहावं लागेल, त्यांनी हे नक्की तपासून घ्या. वायरी आणि डायलसाठी पाचातला एक स्टार कापला, बाकी चार मनापासून.

एक गोष्ट मात्र दोष नाही, धोका आहे. लाईटच्या चमकेत पुलीसारखाच फॅनही थांबल्यासारखा दिसतो. पाती स्वच्छ मोजता येतील इतका शांत दिसतो आणि तो प्रत्यक्षात पूर्ण वेगाने फिरत असतो. मला पहिल्यांदा दिसला तेव्हा अंगावर काटा आला, हात तिथून वीतभरच लांब होता. ओढणी, मोकळे केस, सैल बाही, गळ्यातलं काही, सगळं आधी आवरा, आणि लाईट चालू असताना दुसऱ्या कुणाला बोनेटजवळ वाकू देऊ नका.

पुलीवर आंधळा विश्वासही ठेवू नका. काही इंजिनांत पुलीची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते, रबर जुनं झालं की कडी सरकते आणि खूणच खोटं बोलते. एक नंबरचा प्लग काढून पिस्टन खरंच टॉपला असताना खूण शून्यावर येते का ते एकदा बघून घ्या, इंजिन हाताने फिरवून. माझी बरोबर होती, पण हे आधी बघायला हवं होतं, मी नंतर बघितलं.

इंजेक्शनवाल्या गाडीसाठी या कामाला ही वस्तू घेण्यात अर्थ नाही, तिथे चावी काढली की इंजेक्टर बंद होतात आणि पेट्रोलच येत नाही, त्यामुळे हा त्रास क्वचितच. आणि डिझेल इंजिन चावी काढल्यावर थांबत नसेल, त्यातही रेस आपोआप चढत असेल, तर ते प्रकरणच वेगळं, तिथे टर्बोमधून वगैरे आलेलं ऑइल जाळून इंजिन पळत असतं, ते हवा बंद करून किंवा गिअरमध्ये दाबून थांबवावं लागतं आणि हवेच्या तोंडावर हात तर कधीच ठेवायचा नाही, सपाट फळी वगैरे लागते. पेट्रोलवाल्यांनी दुरुस्ती होईपर्यंत एवढं करा, मॅन्युअल गाडी असेल तर चावी काढण्याआधी टॉप गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा, चावी बंद करा आणि लगेच क्लच हळू सोडा, इंजिन धडधडायच्या आत दबून थांबतं. मी महिनाभर हेच करत होते. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल पण एक टाकीभर घालून बघितलं, धडधड थोडी कमी झाली, गेली नाही.

मिस्त्रींना लाईट दाखवली, त्यांनी दहा मिनिटं स्वतःच्या हाताने मारून बघितली आणि विचारलं, "ताई, गॅपने किती फरक पडला?" ५ अंश म्हटल्यावर त्यांनी पॉइंटची जुनी टाच नखाने चाचपून बघितली आणि पुढच्या वेळी येताना ही घेऊनच या म्हणाले.

परवा सहा महिने झाले म्हणून परत लावली. ठिपका ७ वर होता, गॅप ०.३८. नवीन टाच आहे, सुरुवातीला थोडी बसतेच, म्हणून गॅप ०.४० करून कॅमवर अगदी मोहरीएवढं ग्रीस लावलं, जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि गाडी मिसिंग मारते. ठिपका ८ वर आला, झाकण लावलं, चावी बंद केली, लगेच बंद पडली.